पाटावर नेसलेली साडी

खुर्चीवर मांडी घालून बसणाऱ्या माणसाने मला उंच टाचांचे सँडल घालायला लावले, हे मी अजून विसरलेले नाही. आमचे हेडक्लार्क सकाळी ऑफिसात आले की आधी पायातल्या वहाणा टेबलाखाली सरकवायचे, मग धोतर आवरून दोन्ही पाय वर घ्यायचे आणि दिवसभर तसेच बसायचे. साहेबांची घंटा वाजली तर अनवाणीच धावायचे. अशा माणसाने एका सोमवारी मला समोर बोलावलं आणि सांगितलं, "उद्यापासून तुम्ही टाचेचे सँडल घालून यायचं. दोन इंच. कमी नको."

"का पण?" मी विचारलं.

"साहेबांची इच्छा."

"अहो, मी दिवसभर टेलिफोनच्या बोर्डापाशी बसलेली असते. माझे पाय दिसतात कुणाला?"

त्यांनी चष्म्याच्या वरून माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही अजून टेम्पररी आहात ना, बाई?"

झालं.

गोष्ट पन्नासच्या दशकातली. आम्ही मुलुंडला एका बैठ्या चाळीत दोन खोल्यांत राहायचो. वडील गिरणीत होते, पण कापसाची धूळ छातीत जाऊन बसली आणि त्यांना काम सोडावं लागलं. त्यामुळे मी मॅट्रिक झाले, टेलिफोनचा बोर्ड चालवायला शिकले आणि आग्रा रोडवरच्या एका औषधांच्या कारखान्यात लागले. सहा महिने टेम्पररी, दिवाळीला कायम करायचं की नाही ते ठरणार. कायम झाले नाही तर खोल्या सोडून मालवणकडच्या गावी परत जायचं, हे घरात कुणी मोठ्याने बोलायचं नाही, पण तिघांनाही माहीत होतं. गावी वडिलांच्या छातीला डॉक्टर नव्हता.

आणि अशात ही टाच निघाली. कारखान्याच्या मालकांचा मुलगा नुकताच परदेशातून आला होता. त्यालाच आम्ही साहेब म्हणायचो. त्याने पुढच्या दालनाला नवा रंग दिला, पडदे लावले, लाकडी बाक काढून कोच ठेवले. मग एक दिवस म्हणे तो बोलला की पुढची बाजू एकदम स्मार्ट दिसली पाहिजे. तो नेमकं काय बोलला देव जाणे. हेडक्लार्कांनी त्याचा अर्थ काढला तो माझ्या पायांपाशी येऊन थांबला.

सँडल घ्यायला माझ्याबरोबर आमची टायपिस्टबाई आली. कांजूरच्या जुन्या गावठाणातली ही ख्रिस्ती बाई, चाळिशीची, लग्न न केलेली. घरी भातशेती, आणि ही फ्रॉक घालून ऑफिसात यायची. तिच्या पायात मात्र चर्चच्या निमित्ताने लहानपणापासून टाचा होत्या, त्यामुळे तिला हुकूम द्यायची गरजच पडली नव्हती. घाटकोपरच्या दुकानात तिने मला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालायला लावलं. मी चौथ्या पावलाला दुकानदाराचा खांदा धरला.

"बाय, खाली नको बघू," ती म्हणाली. "खाली बघितलंस की पडलीस."

"पण पाय दुखतात हो."

"दुखतातच. माझ्या अंगठ्याचं हाड बघ कसं बाहेर आलंय. मला तर बोर्ड-बिर्ड काय नाय, टेबलाखाली काढूनच ठेवते. घंटा वाजली की पायाने शोधायचे."

ते खरं होतं. दिवसभर तिचे सँडल टेबलाखाली आडवे पडलेले असायचे आणि ती अनवाणी पायांनी टायपिंग करायची. तिकडे हेडक्लार्क अनवाणी, इकडे ती अनवाणी. माझाच बोर्ड दाराच्या समोर, म्हणून मी एकटी टाचांवर.

दुसऱ्या दिवशी हेडक्लार्कांनी सँडल मोजले. गंमत म्हणून सांगत नाही, खरोखर मोजले. पायताण टेबलावर ठेवणं त्यांना चालणारं नव्हतं, म्हणून खुर्चीवरून उतरले, जमिनीवर उकिडवे बसले, आणि वह्यांवर रेघा मारायची लाकडी फूटपट्टी माझ्या टाचेला लावली. "पावणेदोन," ते म्हणाले. मी मोच्याकडून टाचेखाली चामड्याचा आणखी एक तुकडा मारून घेतला. पाव इंचासाठी! ज्या माणसाला कारखान्यात रोज किती बाटल्या फुटतात हे मोजायला सवड नव्हती, त्याला माझा पाव इंच सापडला.

रस्त्याची तऱ्हा वेगळीच. घरापासून कारखाना वीस मिनिटं चालत, त्यातला निम्मा रस्ता खडीचा. मी साध्या चपला घालून जायची, सँडल कापडी पिशवीत. फाटकाशी वॉचमनच्या खोपटात शिरायचं, चपला काढायच्या, टाचा चढवायच्या, आणि मग खोपटापासून दारापर्यंतची पन्नास पावलं स्मार्ट चालायचं. पुढे दिवसभर बसायचं. ह्या पन्नास पावलांसाठी एवढा सगळा खटाटोप होता.

पण खरी पंचाईत झाली ती साडीची. पहिल्या दिवशी मी नेहमीसारखी अनवाणी उभी राहून नेसले आणि कारखान्यात जाऊन सँडल घातले, तर मागून साडी वर गेली, परकराची कड आणि घोटे दिसायला लागले. हेडक्लार्कांनी ते लगेच हेरलं. "बाई, साडी जरा खाली नेसत चला. बरं दिसत नाही." म्हणजे टाचही त्यांची आणि तक्रारही त्यांचीच.

तर साडी टाचांवर उभं राहून नेसायला हवी. आणि टाचा घरात आणायच्या कशा? आमच्या घरी पायताण उंबऱ्याबाहेर. पाऊस असो, चोर असो, चपला बाहेरच्या पायरीवर. आतली खोली म्हणजे स्वयंपाक, तिथेच कोपऱ्यात देव, आणि दार लावून साडी नेसायची तर तीच एक जागा. मी आईला भीत भीत विचारलं.

"सँडल धुऊन आणले तर?"

"देवासमोर पायताण?" आई म्हणाली. "माझ्या घरात नाय. सोन्याचा असला तरी नाय."

मग तिनेच तोड काढली. जेवायला बसायचा पाट आणला, भिंतीशी ठेवला आणि मला त्यावर उभं केलं. स्वतः खाली बसून निऱ्या ओढल्या आणि साडीची कड जमिनीला जेमतेम टेकेल इतकी केली. "वायच सरळ उभी रव," म्हणत तिने चारी बाजूंनी फिरून बघितलं. बाहेरून वडील खोकत खोकत हसले. "पोरगी पाटावर उभी रवली, पण ती हापिसाक जावक!" आईने त्यांच्याकडे नुसतं बघितलं आणि पुढच्या सकाळपासून पाट रोज भिंतीशी मांडला.

त्या साडीने माझा जीव खाल्ला. मागून ती अगदी बरोबर असायची, पण पुढून पायात यायची. मी डाव्या हाताने निऱ्या किंचित उचलून धरायची, तेव्हा कुठे चालता यायचं. मला वाटायचं, आपल्यालाच चालायची अक्कल नाही. टायपिस्टबाई इतकी सहज चालते, आपणच ओबडधोबड. एवढे दिवस मी स्वतःलाच बोल लावला, ह्याचा मला आज सगळ्यात जास्त राग येतो.

आता खोटं कशाला बोलू? एक गोष्ट मला आवडायची. हेडक्लार्क बुटके होते. टाचांवर उभी राहिले की त्यांना माझ्याशी बोलताना मान वर करावी लागायची, आणि मान वर झाली की त्यांचा आवाज थोडा उतरायचा. एकदा औषधं विकणारा एक माणूस माझ्या टाचांचा आवाज ऐकून कोचावरून उठून उभा राहिला होता. घरी निघताना मी त्याचा विचार करून हसले. मग वॉचमनच्या खोपटात सँडल काढले, पोटऱ्यांना गोळे आले होते, आणि सगळं हसू गेलं. दोन इंच उंच झाल्यावर जो मान मिळतो तो बोर्ड नीट चालवल्यावर का मिळू नये? इतक्या महिन्यांत मी एकही जोडणी चुकवली नव्हती. त्याबद्दल कुणी उठून उभं राहिलं नाही.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, कारखान्यात यंत्रांची पूजा असायची. सगळी यंत्रं धुऊन पुसून झेंडूच्या माळा घालायच्या, माझ्या टेलिफोनच्या बोर्डालासुद्धा हळदकुंकू लागायचं. त्या वर्षी साहेब दोन पाहुण्यांना घेऊन येणार होते. हेडक्लार्कांनी ठरवलं की पोर्चच्या पायऱ्यांवर मी त्यांचं औक्षण करायचं.

"करते," मी म्हणाले. "सँडल काढून ठेवते बाजूला."

"काढून कशाला? फोटोग्राफर येणार आहे."

"अहो, औक्षण पायताण घालून?"

"पूजा आत आहे. हे स्वागत आहे. स्वागतात चालतं."

मी त्यांच्या पायांकडे बघितलं. सणाचा दिवस म्हणून त्यांनी वहाणा सकाळीच फाटकाशी काढल्या होत्या. "मग तुम्हीही घाला ना वहाणा," मी म्हणाले.

"माझा फोटो कोण काढतंय?" ते म्हणाले आणि निघून गेले.

आईला ह्यातलं काही माहीत नव्हतं. तिने सकाळी मला पाटावर उभं करून तिची स्वतःची ठेवणीतली साडी नेसवली होती, जरा जड काठाची. वडिलांनी बसल्या जागेवरून म्हटलं होतं, साहेब खूश झाला पाहिजे. दिवाळी तीन आठवड्यांवर होती.

गाडी आली. साहेब आणि पाहुणे उतरले. मी पोर्चच्या वरच्या पायरीवर तबक घेऊन उभी, तबकात पेटलेलं निरांजन, कुंकू, अक्षता, सुपारी. मला तीन पायऱ्या उतरायच्या होत्या. पहिली उतरले. दुसऱ्या पायरीवर निऱ्या पुढच्या चवड्याखाली आल्या. रोज मी डाव्या हाताने त्या उचलत होते, पण आज दोन्ही हात तबकाला होते. मी खाली कोसळले. तबक साहेबांच्या पायाशी गेलं, निरांजनातलं तूप त्यांच्या पांढऱ्या पँटवर, कुंकू सगळ्या पायऱ्यांवर. उजवा घोटा असा पिरगळला की डोळ्यांपुढे अंधारी आली. आणि ह्या सगळ्याहून वाईट म्हणजे निऱ्या सुटल्या. सगळा कारखाना माळा घेऊन उभा होता.

टायपिस्टबाई कुठून धावत आली ते मला कळलं नाही. ती माझ्यासमोर दोन्ही हातांनी फ्रॉकचा घेर पसरून उभी राहिली आणि ओरडली, "काय बघता रे? तोंडं फिरवा!" तिच्या पायात काही नव्हतं. टेबलाखालून सँडल शोधायलाही ती थांबली नव्हती.

तिने मला आत कोठीच्या खोलीत नेऊन बसवलं आणि घोट्याला ओलं फडकं बांधलं. मग साडीकडे बघत म्हणाली, "एवढी लांब का नेसतेस गं?"

मी पाटाचं सांगितलं. मग तिने फरशीवरच आपली टाच उचलून दाखवली. "हे बघ. टाच वर जाते. बोटं जातात का वर?"

मी तिच्या पायाकडे बघत राहिले. पाटावर उभं राहिलं की अख्खं पाऊल वर जातं. टाचेच्या सँडलवर फक्त मागचा भाग वर जातो, बोटं जमिनीशीच राहतात. म्हणजे मागून मोजलेलं बरोबर आणि पुढून दोनेक इंच साडी जास्त, रोज. मी आणि आई, दोघी रोज साडी नेसणाऱ्या, दोघींच्या डोक्यात हे एकदाही आलं नाही.

"घरातच सँडल घालून नेसायची ना सरळ," ती म्हणाली.

"घरात? सँडल?" मी म्हणाले.

तिने माझ्याकडे बघितलं आणि घोट्यावरचं फडकं पुन्हा ओलं केलं.

तासाभराने हेडक्लार्क आले. दारातच उभे राहिले. "साहेब रागावलेले नाहीत," ते म्हणाले. "आठ दिवस रजा घ्या म्हणाले. पण पुढच्या दालनातल्या मुलीला नीट चालता आलंच पाहिजे. नवव्या दिवशी तुम्ही त्यांना चालून दाखवायचं. सँडल घालून. मग ते कायम करतील. नाहीतर दुसरी बघावी लागेल."

"चालून दाखवायचं?" मी म्हणाले. "मी टेलिफोन ऑपरेटर आहे."

"माझ्या हातात काय आहे, बाई?" असं म्हणून त्यांनी हात पसरले. खरंच, त्यांच्या हातात त्या वेळी फक्त फूटपट्टी होती. कशासाठी आणली होती कुणास ठाऊक.

घोटा भोपळ्याएवढा सुजला. आईने आंबेहळदीचा लेप घातला, रोज दोनदा बदलला. मी तिला टायपिस्टबाईने दाखवलं ते आपल्या पायाने करून दाखवलं, टाच वर, बोटं खाली. आईने पाट उचलून बघितला, उलटा केला, पुन्हा सरळ केला आणि कोपऱ्यात ठेवून दिला. औक्षण पायताण घालून केल्याचंही मी तेव्हाच सांगून टाकलं. ती ओरडेल असं वाटलं होतं. तिने नुसता लेप ढवळला.

चौथ्या-पाचव्या दिवशी माझा संताप बाहेर पडला. मी म्हणाले, मी नाही जाणार. घोडीला चालवून बघतात तसं मला चालवून बघणार, आणि मी चालायचं? बोर्ड शिकले ते काय ह्यासाठी? मी बराच वेळ बोलत होते. वडील भिंतीकडे तोंड करून पडले होते. माझं झाल्यावर ते म्हणाले, "नको जाव. गावाक जावया आपण." आणि मग त्यांना खोकल्याची अशी उबळ आली की आईला धावत जाऊन पाठ चोळावी लागली. मी लंगडत जाऊन पाणी आणलं.

नवव्या दिवशी सकाळी मी तोंड धुऊन आतल्या खोलीत आले तेव्हा पाट भिंतीशी नव्हता. जमीन नुकतीच पुसलेली होती, ओली होती. आणि मधोमध, माझे सँडल ठेवलेले होते. धुतलेले. टाचेच्या खाचेतली खडीसुद्धा काडीने काढलेली. बाजूला आई उभी होती, हातात माझी साडी घेऊन.

मी कोपऱ्याकडे बघितलं. देवांवर वडिलांचा पंचा टाकलेला होता.

मला एवढा राग आला की मी आईवरच ओरडले. "हे काय केलंस? घरात कशाला आणलेस? सोन्याचे असले तरी नाही म्हणाली होतीस ना?" ती घरातला नेम मोडणारी बाई नव्हती. तिने नाही म्हणायला हवं होतं. निदान एका माणसाने तरी ह्या सगळ्याला नाही म्हणायला हवं होतं, आणि मी ते तिच्यावर सोडून ठेवलं होतं.

"ओरडा नको. देव झाकलंय मी," आई म्हणाली. "घाल ते. आधी पायात घाल, मगे साडी नेस. पाय दुखता तर माझ्या खांद्याक धर."

मी सँडल घातले. ती खाली बसली, निऱ्या हातात घेतल्या आणि पुढून मोजल्या, जमिनीपासून एक बोट वर. माझा हात तिच्या खांद्यावर होता आणि ती एकदाही वर बघत नव्हती.

मी चालून दाखवलं. नव्या कोचापासून काचेच्या दारापर्यंत आणि परत. घोट्यातून कळ जात होती आणि मी खाली बघितलं नाही. साहेबांनी मान हलवली, हेडक्लार्कांनी खुर्चीवरचे पाय खाली न घेताच कागद पुढे सरकवला, आणि मी कायम झाले.

त्या कारखान्यात मी पुढे अकरा वर्षं होते. तितकी वर्षं रोज सकाळी साडीच्या वेळेला आई देवांवर पंचा टाकायची, आणि मी गेले की काढून, जमीन पुसून, पूजेला बसायची.